सशाचा रवंथ

जनावर वाचणार की जाणार, हे मी आयुष्यभर एकाच खुणेवरून सांगत आलो. आजारी गाय रवंथ करायला लागली की मी घरच्यांना म्हणायचो, जा, आता चहा ठेवा. आणि बहुतेक वेळा ती गाय वाचायची. तीस-बत्तीस वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यात काढली. कागदावर माझं पद व्रणोपचारक होतं. लोक ड्रेसर म्हणायचे, आणि डॉक्टर रजेवर असले की मलाच डॉक्टर म्हणायचे. मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मोहाडीला आपलं घर, पेन्शन सुरू, एकुलती मुलगी लग्न होऊन रायपूरला गेलेली. मी सकाळी पेपर वाचायचो आणि दुपारी कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन न विचारलेला सल्ला द्यायचो. बायको मात्र घरातच असायची, आणि मुलगी गेल्यापासून तिचं बोलणं कमी झालं होतं. हे मला दिसत नव्हतं असं नाही. जनावराला वैरण कमी पडली तर मला लांबून कळायचं, पण घरातल्या माणसाला काय कमी पडतंय ते विचारायची सवय मला नव्हती.

त्या हिवाळ्यात धानाची कापणी-चुरणी आटोपल्यावर बायको तिच्या धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहून आली. या मेहुणीचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. पुनर्वसनाच्या वस्तीत घर मिळालं, पण गाय बांधायला जागा उरली नाही, म्हणून ती ससे पाळायला लागली. बायको परत आली तेव्हा तिच्या भाजीच्या पिशवीतून दोन राखाडी कान बाहेर आले होते.

"हे कायले आणलं?" मी विचारलं.

"घर खायले उठते म्हून," ती म्हणाली.

दीड-दोन महिन्यांचं पिल्लू होतं, दोन ओंजळींत मावेल एवढं. बायकोनं टीव्हीचं जुनं खोकं काढलं, शेजारच्या ढिगातून कवळाभर तणीस आणली आणि खोक्यात पसरली. तणीस म्हणजे धान झोडून उरलेलं वाळलं काड. आमच्याकडे हिवाळ्यात घराघरापुढे तिचे ढीग असतात. पिल्लू त्यात शिरलं आणि एक काडी तोंडात धरून आत ओढत बसलं, टोकापासून टोकापर्यंत. ते बघून बायको कितीतरी दिवसांनी हसली.

"बहिणीनं सांगतलं," ती म्हणाली, "याले दिवसभर वाळलं गवत पायजे. तणीस चालते. ओलं थोडंसंच द्याचं. दाना नाई देला तरी चालते. अन् याचं पोट कधी रिकामं ठेवाचं नाई."

"तुही बहीण कवापासून डाक्टर झाली?" मी म्हणालो.

ती खोक्यातली तणीस सारखी करत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझ्या कोणत्या बोलण्याला उत्तर द्यायचं आणि कोणत्या नाही, हे तिला पाठ झालं होतं. ती एकोडीची, धानाच्या घरातली. तणीस, वैरण, गोठा हे सगळं ती लहानपणापासून करत आलेली. पण जनावरांचा विषय निघाला की घरात एकच माणूस बोलायचा.

आठेक दिवस पिल्लू मजेत होतं. घरभर उड्या मारायचं, पलंगाखालून निघून कपाटामागे जायचं, बायको भाजी निवडायला बसली की तिच्या लुगड्याचा काठ चघळायचं. ती त्याच्याशी बोलायची. आज काय स्वयंपाक केला, शेजारीण काय म्हणाली, सगळं. मी पेपरच्या आडून ऐकायचो. इतकं माझ्याशी ती कधी बोलली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचा लळा लागला होता. मी पेपर वाचत असलो की ते येऊन माझ्या पायाला पाठ टेकवून बसायचं, मग मी पाय हलवायचा नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नसतं.

एके दिवशी पहाटे मी लवकर उठलो आणि बघतो तर पिल्लू मान खाली वाकवून स्वतःच्याच मागून काहीतरी खात होतं. नीट बघितलं. त्याच्या नेहमीच्या वाळलेल्या, वाटाण्यासारख्या लेंड्या नव्हत्या. मऊ, चिकट, एकमेकींना लगडलेल्या बारीक गोळ्या होत्या, आणि त्या ते थेट तोंडात घेत होतं.

आता गुराढोरांत एक गोष्ट पक्की आहे. जनावर माती चाटायला लागलं, हाडं चघळायला लागलं, शेणात तोंड घालायला लागलं, की त्याच्या अंगात काहीतरी कमी पडलंय. मी बायकोला हाक मारून दाखवलं. "पाय," म्हणालो, "तणीस खाऊ घालून घालून काय हाल केले त्याचे. स्वताचं शेण खाऊन राहिला."

तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, खरंच आपण त्याला उपाशी मारलं.

तणीस बंद करायला दुसरंही एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. मला तणसीची लाज वाटत होती. आमच्याकडे दुभत्या गाईला ढेप म्हणजे पेंड घालतात, कोंडा घालतात. नुसत्या तणसीवर असतं ते भाकड ढोर, नाहीतर गरिबाचा बैल. कुणी घरी आलं आणि खोक्यात बघितलं तर म्हणणार, ड्रेसरच्या घरचं जनावर तणसीवर आहे. म्हणून मी खुराक सुरू केला. भिजवलेले हरभरे, कोंडा, वर गुळाचा खडा. शेजाऱ्याच्या धान कापलेल्या बांधीत लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, हातभर वर आली होती, तिचे कोवळे शेंडे मी रोज सकाळी मूठ-दोन मुठी खुडून आणायचो. पिल्लू ते सगळं अधाशासारखं खायचं. मला बरं वाटायचं. आणि तणसीनं पोट भरलं तर खुराक खाणार नाही, म्हणून तणीस मी उचलून बाहेर टाकली. खोक्यात पोतं अंथरलं.

"थोडीशी तरी राहू द्या," बायको म्हणाली.

"पोतं काय टोचते त्याले?" मी म्हणालो.

पाच दिवसांत पिल्लू फुगलं. मी त्याला बाळसं समजलो. सहाव्या दिवशी सकाळी त्याचं मागचं अंग घाणीनं लडबडलेलं होतं, पोतं ओलं होतं, आणि ते कोपऱ्यात पाठीची कमान करून बसलं होतं. लाखोरीचा शेंडा नाकाशी धरला तर तोंड फिरवलं. पोट हाताला टणक लागलं.

मला काळजी वाटली, पण गोंधळ अजिबात उडाला नाही. तीस वर्षांत हगवण लागलेली वासरं मी किती बघितली असतील. वासराला हगवण लागली की पहिल्यांदा दूध तोडायचं, चारा तोडायचा, पोटाला आराम द्यायचा. लंघनं परमौषधम्, हे आमचे जुने डॉक्टर प्रत्येक शेतकऱ्याला ऐकवायचे आणि त्यांच्यामागे मी ऐकवायचो. मी बायकोला सांगितलं, उद्या सकाळपर्यंत याच्या तोंडात काहीही जाता कामा नये, पाण्याशिवाय.

"अवो, पण तिनं सांगतलं होतं," बायको म्हणाली, "याचं पोट रिकामं ठेवाचं नाई."

"तीस वर्षं ढोरं कोनं सांभाळले? तू, का तुह्या बहिणीनं?"

एवढं जोरात बोलायचं काही कारण नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली. मी तेलात हिंग आणि ओवा गरम करून गार केला, मुलीच्या वेळची औषध पाजायची पिचकारी शोधून काढली आणि त्याच्या जबड्यात थोडं थोडं सोडलं. पोट फुगलेल्या बैलाला आम्ही बांबूच्या नळ्यानं हेच पाजायचो. माप तेवढं मी कमी केलं. माझं डोकं चाललं ते तेवढंच.

दुपारी मी जरा आडवा झालो होतो. उठून बघतो तर बायको खोक्याजवळ उकिडवी बसलेली. तिनं बाहेरच्या ढिगातून चिमूटभर तणीस आणली होती आणि एक काडी पिल्लाच्या तोंडाशी धरली होती. सकाळपासून कशालाही तोंड न लावणाऱ्या त्या पिल्लानं ती काडी दातांत धरली होती. हळूहळू, थांबत थांबत, पण चावत होतं.

मी पुढे होऊन ती काडी ओढून काढली.

ती सहजासहजी निघाली नाही. एवढासा जीव, उभं राहायची ताकद नाही, पण काडी सोडेना. मला दोनदा ओढावं लागलं. ती ओढ माझ्या बोटांना अजून आठवते. तेव्हा मात्र मी बायकोवर एवढा चिडलो होतो की तणसीची ती चिमूट खिडकीतून बाहेर फेकली आणि म्हणालो, मारायचं असेल तर सरळ मार, असं लपूनछपून कशाला. ती उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तुमी म्हनता तसं."

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला मी खोक्यात डोकावलो. पिल्लू तसंच कमान करून बसलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. पण त्याच्या जबड्यातून आवाज येत होता. कट्, कट्, कट्. बारीक, एकसारखा. मी कान जवळ नेला आणि मला इतका आनंद झाला की मी तिथूनच ओरडलो, "अवं, इकडं ये. रवंथ करून राहिला!"

ती आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"तोंडात तं काईच नाई," ती म्हणाली. "मंग चावते काय?"

"रवंथ पोटातून वर येते. जाय, आता चहा ठेव."

तिनं चहा ठेवला. मी बशीत ओतून फुर्रकन प्यायलो, आणि मुलीला फोन करून सांगितलं की तुझ्या आईचं लेकरू वाचलं. बायको तिचा कप हातात धरून खोक्याजवळच बसली होती. चहावर साय आली तरी तिनं प्यायला नाही.

सकाळी त्याचे कान गार लागले. मान धरत नव्हतं. आता माझं धाबं दणाणलं. इथल्या दवाखान्यात जायचं म्हणजे माझ्याच जुन्या टेबलासमोर उभं राहायचं, ते मला नको होतं. मी स्कूटर काढली आणि बायकोला मागे बसवून भंडाऱ्याला निघालो. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कुत्र्यामांजरांचा खाजगी दवाखाना टाकला होता. बायकोनं पिल्लू शालीत गुंडाळून पोटाशी धरलं होतं. वाटेत ती एकच वाक्य बोलली, जरा हळू चालवा म्हणून.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. ओळख टाळायला मी इतका लांब आलो, आणि त्या दवाखान्यात टेबलाशी मदतनीस म्हणून उभा होता तो माझ्याच हाताखाली शिकलेला. माझ्या निवृत्तीनंतर त्यानं इथे काम धरलं होतं. तो लगबगीनं पुढे आला, मला खुर्ची दिली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "मॅडम, हे आमचे साहेब. टाके घालाले यायनंच शिकवलं मले. ढोराच्या बाबतीत यायचा हात धरनारा नाई कोनी."

डॉक्टरीणबाईंनी मला नमस्कार केला आणि पिल्लाला तपासायला घेतलं. पोटाला नळी लावून ऐकलं. गरम पाण्याची पिशवी मागवली, कातडीखाली सलाईन द्यायला सुरुवात केली. हात चालू ठेवून त्या विचारत होत्या. काय खायला देत होता? बायकोनं सांगितलं. हरभरे, कोंडा, गूळ, लाखोरी. आधी तणीस खायचा, आता बंद केली. का बंद केली? तो पहाटे आपल्याच लेंड्या खात होता म्हणून.

"ती खायचीच असते त्यांनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सशाच्या पोटात चारा एकदा पुरता पचत नाही. ते मऊ पहिल्या वेळचं असतं, ते परत खातात. आजार नाही तो. त्याला वाळलं गवतच हवं होतं."

मी खुर्चीत ताठ बसून होतो.

"आणि काल संध्याकाळी रवंथ करत होता," मी म्हणालो. एवढी एक गोष्ट तरी माझ्या बाजूची होती.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. चेष्टा नव्हती त्यांच्या नजरेत, ती असती तर बरं झालं असतं. "काका, ससा रवंथ नाही करत," त्या म्हणाल्या. "दात खात असेल तो. खूप दुखलं की ससे दात खातात."

मदतनीस खिडकीकडे बघायला लागला.

"कालपासून काही खाल्लंय?" त्यांनी विचारलं. "थोडंसं गवत तरी?"

"नाई," बायको म्हणाली.

"आपणहून खाल्लं नाही, की बंद ठेवलं? ससा दिवसभर उपाशी राहिला की त्याचं आतडंच थांबतं. कोणी बंद केलं?"

खोलीत आम्ही चौघं होतो. मी तोंड उघडलं असेल, मला वाटतं उघडलं होतं. त्याआधीच बायको म्हणाली, "मी."

आणि मी मूग गिळून बसलो. माझा शागीर्द समोर उभा होता, आताच त्यानं माझे गोडवे गायले होते, आणि मला ते गमवायचे नव्हते. एवढ्यासाठी. डॉक्टरीणबाई बायकोला समजुतीच्या स्वरात म्हणाल्या की मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं, पुढच्या वेळेला लक्षात ठेवा. बायकोनं मान हलवली. तिचा एक हात पिल्लाच्या डोक्यावर होता. सलाईन संपायच्या आधीच ते गेलं.

येताना स्कूटरवर मी वाट बघत होतो की ती आता बोलेल. भांडेल, रडेल, निदान पाठीवर एक बुक्की मारेल. ती शाल तशीच पोटाशी धरून बसून होती. घरी येऊन मी परसात सीताफळाखाली खड्डा खणला. तिनं बाहेरच्या ढिगातून मूठभर तणीस आणली, खड्ड्यात अंथरली आणि त्यावर त्याला ठेवलं. या वेळी मी अडवलं नाही.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. कुणी विचारलं, तुमच्याकडे ससा होता ना, की बायको म्हणायची, "होता. माह्याच चुकीनं गेला." प्रत्येक वेळी मी तिथेच असायचो, आणि प्रत्येक वेळी गप्प बसायचो. मला वाटायचं, ती माझी अब्रू राखतेय. कधी मनातल्या मनात तिचे आभार मानायचो, कधी तिचा रागही यायचा की हिला हा मोठेपणा सांगितला कुणी. गोठ्यांमध्ये सल्ले देणं मी हळूहळू कमी केलं. कुणी बोलावलंच तर जातो, बघतो, पण चहा ठेवा असं काही माझ्या तोंडून निघत नाही. दुसरा ससा आणू का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, नको.

मागच्या महिन्यात मुलगी आली होती. माझ्या पेपरच्या खुर्चीजवळ बायको लाखोरीची भाजी निवडत बसली होती, मुलगी तिच्याशेजारी. लाखोरीवरून सशाची आठवण निघाली. बायको नेहमीसारखं म्हणाली, "माह्याच चुकीनं गेला तो."

का कोण जाणे, त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी पेपर खाली ठेवला.

"तुह्या आईची चूक नाई," मी मुलीला म्हणालो. "चारा मी तोडला होता. हे नको म्हनत होती. डाक्टरनीसमोर हिनं सोतावर घेतलं, अन् मी घेऊ देलं."

बायकोचे हात थांबले नाहीत. ती शेंडे खुडत होती आणि जून काड्या बाजूला टाकत होती.

"तुमच्यासाठी नाई घेतलं मी," ती म्हणाली. "खरं तेच बोलली. तुमी ढोरावाले मानूस. तुमाले सशातलं काय समजत होतं? मले समजत होतं. बहिणीनं सांगतलेलं मले माहीत होतं. तनशीची काडी त्यानं कशी धरली, हे म्या माह्या डोयानं पायलं होतं. तुमी वढली, अन् मी वढू देली. मंग चूक कोनाची?"

तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्यावर नाहीच. चार वर्षं मी समजत होतो की तिनं माझी चूक अंगावर घेतली. तिचं तर माझ्या चुकीकडे लक्षच नव्हतं. तिला स्वतःचीच चूक डाचत होती, आणि ती एवढीच होती की तिनं माझं ऐकलं.

मला म्हणायचं होतं की ऐकायची सवय तुला मीच लावली, तुझा त्यात काय दोष. ते न म्हणता मी खुर्चीवरून उठून खाली तिच्यासमोर बसलो आणि भाजी निवडायला घेतली. मला ती निवडता येत नाही. मी टाकलेले शेंडे ती जून काड्यांतून परत उचलून घेत होती.